महागाईचा शिरा

लग्नाला पंधरा दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट. मी ओट्यापाशी मेथी निवडत होते. बाहेरच्या खोलीतून सासरे ओरडले, "राधिका, महागाई वाढली! शिरा कर!"

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. माझं माहेर कामरगावचं, भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. आमच्याकडे महागाई वाढली की बाबा खताच्या दुकानातून तोंड पाडून येतात, शिरा कोणी करत नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण सासूबाई हसतच उठल्या आणि त्यांनी रव्याचा डबा काढला. शिरा खाताना कळलं की नोकरदाराच्या घरात महागाई म्हणजे महागाई भत्ता. बाजारात वाढते ती वेगळी, पगारात वाढते ती वेगळी. नाव मात्र दोघींचं एकच.

माझे सासरे दौलतराव तेहतीस वर्षं इथल्या नगरपरिषदेत बाबू होते. आस्थापना विभागात. म्हणजे ऑफिसातल्या साऱ्यांच्या रजा, बढत्या आणि राजीनामे त्यांच्याच अक्षरातले. आता पेन्शनर आहेत. पेन्शनवरही महागाई मिळते, म्हणून वर्षातून दोनदा शिरा होतो.

मला चौकशीची वाईट खोड आहे. आई म्हणायची, ही पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी त्याचा पगार विचारेल. सासरी तर मला खाणच सापडली, कारण या घरात काळसुद्धा वेतन आयोगानं मोजतात. घराचा स्लॅब पाचव्यातला. स्कूटर सहाव्यातली. सासूबाईंच्या पाटल्या सातव्याच्या थकबाकीतल्या.

"मामाजी, तुमचा पहिला पगार किती होता?" मी एकदा विचारलं.

"हाती नऊशे साठ. अठ्ठ्याऐंशी साल."

"त्याच्यात भागे?"

"अवो, दोन खोल्यायचं भाडं साठ रुपये. वर्षाची ज्वारी एकदाच भरून ठेवो. अन् दर दिवाळीले तुह्या सासूले नवं पातळ."

"एक दिवाळी हुकली होती," आतून सासूबाई.

"ते चवथ्याची थकबाकी रखडली होती ना!"

मी वांग्यांचा भाव विचारला. आमच्या माहेरी सगळं वांग्यात मोजतात. रुपयाला किलो, असं ते म्हणाले. म्हणजे सासऱ्यांचा पहिला पगार नऊशे साठ किलो वांगी. मग मी धीरजचा काढला. माझा नवरा धीरज त्याच ऑफिसात संगणकावर बसतो, पण कंत्राटी. सोळा हजार रुपये. वांगी आज चाळीसनं, म्हणजे चारशे किलो. मी पुन्हा मोजून पाहिलं, तरी चारशेच. घरी बसलेल्या बापाची पेन्शन साडेसहाशे किलो आणि रोज नऊ तास काम करणाऱ्या लेकाचा पगार चारशे! मला मोठी गंमत वाटली होती तेव्हा. आमची पिंकी शाळेत जायला लागली आणि गंमत संपली.

धीरजला दर अकरा महिन्यांनी नवा आदेश मिळतो. मध्ये एक दिवस तो नोकरीत नसतो. त्या दिवशी तो कामरगावला माझ्या बाबांच्या मळ्यात जातो. तिथे रस्त्याकडेला त्यानं हिरवं नेट बांधून मिरचीची, वांग्याची रोपं करायला सुरुवात केली आहे. आधी एक दिवस जायचा, मग दर रविवारी जाऊ लागला. गेल्या वर्षी रोपं कमी पडली, गिऱ्हाईक परत गेलं. यंदा नऊ वर्षं झाली नोकरीला. नव्या आदेशावर सोमवारी सही करायची होती, आणि धीरजला ती करायची नव्हती. रोपवाटिका पूर्ण वेळ बघायची होती. पण बापासमोर त्याची जीभ उचलत नव्हती.

कारण सासऱ्यांचं एकच पालुपद. "खुर्ची सोडू नको. एक ना एक दिवस कायम होशीन."

शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. तीन टक्के. सासऱ्यांनी हाक दिली, "राधिका, महागाई वाढली! शिरा!"

मी शिरा केला. सगळे ताटल्या घेऊन बसलो. धीरज खाली मान घालून खात होता. आणि माझी खोड मला नडली. शपथेवर सांगते, टोमणा नव्हता; नऊ वर्षांत हे कसं विचारलं नाही, एवढंच मनात आलं.

"मामाजी, यायची महागाई कवा वाढते?" मी धीरजकडे हात करून विचारलं.

"त्याले लागू नाही," सासरे म्हणाले. फाईलवर शेरा मारावा तसं, सवयीनं.

"म्हणजे बजारातली बी लागू नाही काय?"

सासऱ्यांचा चमचा थांबला. ते धीरजकडे बघत राहिले. धीरजनं वर पाहिलं नाही. मग त्यांनी ताटली सरकवली आणि उठून अंगणात गेले. महागाईचा शिरा त्यांनी पहिल्यांदाच टाकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई पुटपुटल्या, "काहून विचारलं वो बाई!" पण रागावल्या नाहीत.

रविवारी सकाळी धीरज मळ्यात निघाला होता. सासऱ्यांनी त्याला थांबवलं. चष्मा लावून ते टेबलाशी बसले होते, समोर रेघांचा कागद. तेच वळणदार अक्षर. त्यांनी कागद पुढे केला. मी धीरजच्या खांद्यावरून वाचला, कारण न वाचणं मला जमलंच नसतं.

विषय: कंत्राटी पदाचा राजीनामा.

खाली लिहिलं होतं: "अर्जदारास महागाई लागू असून महागाई भत्ता लागू नाही. सबब अर्जदार सदर कामातून मुक्त होऊ इच्छितो."

धीरजनं कागद दोनदा वाचला. "बाबा, असं लिहितात काय ऑफिसात?"

"तेहतीस वर्षं दुसऱ्यायच्या मतानं लिहिलं. हे माह्या मतानं लिहिलं. कर सही."

धीरजनं सही केली. सासऱ्यांनी कागद परत घेऊन वरपासून खालपर्यंत तपासला आणि पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. "तारीख राह्यली."

त्यानं तारीख टाकली. सासरे खुर्चीत मागे टेकले, चष्मा काढून पुसत बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"राधिका, कालचा शिरा उरला असंन तर गरम कर."