‘मस्ट’चा भूतकाळ

मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलेत, तर मी कसला तक्ता आहे हे चटकन ओळखता येणार नाही. माझा पिवळा रंग उडाला आहे. चारही कोपऱ्यांची भोके फाटून मोठी झाली आहेत. इतकी वर्षे गुंडाळलेला राहिल्यामुळे मला सरळ राहताही येत नाही. कुणी उलगडले, की हात सुटताच मी पुन्हा आपला गुंडाळला जातो. खरे सांगू? मी थकलो आहे. पण माझ्यामुळे एका बाईमाणसाला काय सोसावे लागले, ते एकदा सांगून टाकले म्हणजे मोकळा होईन.

मी मेणकापडाचा आहे. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघराला लागून एक लहान खोली होती. तिथे आठवड्यातून तीन दिवस, सकाळची पाळी सुटली की कामगारांसाठी इंग्रजीचा वर्ग भरायचा. यंत्रांवरच्या सूचना इंग्रजीत, बॉयलरची वही इंग्रजीत आणि वरच्या हुद्द्याची परीक्षाही इंग्रजीत. त्यामुळे चादरी धुणारे, इस्त्री करणाऱ्या बायका, फिटर, वॉर्डातल्या आया अशी मंडळी दमूनभागून येऊन बाकांवर बसत. शिकवायला शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका यायच्या. सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत.

मला बाईंनीच करून घेतले. इस्पितळाचे फलक रंगवणाऱ्या पेंटरकाकांना त्यांनी कागदावर सगळे आखून दिले. पहिल्या उभ्या रांगेत कॅन, मे, शॅल, विल, मस्ट ही इंग्रजीतली छोटी सहायक क्रियापदे. त्यांच्यापुढे आपल्या भाषेतला अर्थ. त्यापुढे भूतकाळ. कॅनचे कुड, मेचे माइट, शॅलचे शुड, विलचे वुड.

“मस्टपुढचा चौकोन कोरा ठेवा,” बाईंनी काकांना बजावले. “तिथं काय येतं ते मी वर्गाला विचारणार आहे.”

कारण मस्टला स्वतःचा भूतकाळ नाही. ‘आज मला हे करायलाच हवे’ असे म्हणताना मस्ट चालते. ‘काल मला हे करावे लागले’ असे म्हणायचे झाले, की ते काढून ‘हॅड टू’ आणावे लागते. वर्गाने हे स्वतः शोधून काढावे, अशी बाईंची इच्छा होती.

काकांनी मान डोलावली. पण सगळा तक्ता रंगवून झाल्यावर तो एकच कोरा चौकोन त्यांच्या डोळ्यांना खुपायला लागला. त्यांनी कुठेतरी ‘मस्ट हॅव’ ऐकले होते. त्यांनी ब्रश उचलला आणि सुरेख लाल अक्षरांत तेच रंगवून टाकले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पाहिले आणि कपाळाला हात लावला. “काका, हे काय केलंत?”

“मोकळं मोकळं दिसत होतं हो. चुकलं का?”

“चुकलं. ‘मस्ट हॅव’ म्हणजे केलं असणार, असा नुसता अंदाज. करावं लागलं, असं नाही.”

काका अगदी कानकोंडे झाले. रंग वाळला होता. खरवडला असता तर मेणकापड फाटले असते. “राहू दे,” बाई म्हणाल्या. “मी वर चिठ्ठी चिकटवते. पुढे सवडीनं नीट करून घेऊ.” त्यांनी एका कागदावर ‘हॅड टू’ लिहून तो त्या चौकोनावर डकवला. ती सवड पुढे कधीच मिळाली नाही.

सुरुवातीची वर्षे मानाची होती. बाई छडी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहत. “कॅनच्या मागे येणारं क्रियापद उघडंच उभं राहतं,” त्या सांगत. “त्याच्या अंगावर काही चढवायचं नाही. ‘ही कॅन गोज’ नाही, ‘ही कॅन गो’. मध्ये ‘टू’सुद्धा घुसवायचा नाही.” कुणी तरी ‘टू’ घुसवायचेच, आणि सगळा वर्ग हसायचा. ‘मस्ट नॉट’ आणि ‘नीड नॉट’ यांतला फरक शिकवताना मात्र त्या हसू देत नसत. “‘मस्ट नॉट’ म्हणजे हात लावायचाच नाही. ‘नीड नॉट’ म्हणजे नाही लावलात तरी चालेल. तुम्ही वाफेशी खेळणारी माणसं. हा फरक चुकलात तर हात भाजेल.” पाहुणे आले की मला दाखवले जाई. दर सोमवारी एक आया ओल्या फडक्याने मला पुसत असे.

मग हळूहळू सगळे मला सरावले. मी टांगलेला होतो त्या भिंतीपलीकडे वाफेचे नळ होते. भिंत दिवसभर तापलेली असायची आणि त्या उबेने चिठ्ठीचा डिंक सुकत गेला. एकदा वर्गाला पंधरा दिवसांची सुट्टी होती. त्या सुट्टीत ती चिठ्ठी अलगद सुटून खाली पडली. झाडणाऱ्याने ती केरात भरली. लाल अक्षरे पुन्हा उघडी पडली. मला ते कळत होते, पण मी कुणाला सांगणार? बाईंना तोवर मोतीबिंदू झाला होता. माझ्यावरचा शब्द न् शब्द त्यांना पाठ होता, त्यामुळे त्या माझ्याकडे पाठ करूनच शिकवत.

त्यानंतर वर्षभराने प्रेसताई वर्गात आली. वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर ती काम करायची, म्हणून तिला सगळे प्रेसताई म्हणत. पस्तिशीची, अबोल, एक मुलगी पदरात. दोन पाळ्यांमुळे तिचे निम्मे तास बुडायचे. बुडालेला भाग ती वर्ग सुटल्यावर माझ्यासमोर उभी राहून उतरवून घ्यायची. इतक्या वर्षांत माझ्याकडे इतक्या मनापासून कुणी पाहिले नव्हते. मस्टचा तासही असाच बुडाला आणि तिने त्यापुढचे ‘मस्ट हॅव’ वहीत सुबक अक्षरात लिहून घेतले, तेव्हा मला माझी लाज वाटली.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास भिंतीपलीकडे जोराचा फूत्कार ऐकू आला. मागोमाग बायकांचे ओरडणे. मोठ्या नळाच्या जोडातले गॅस्केट, म्हणजे वाफ अडवणारी चकती, फाटले होते आणि उकळती वाफ इस्त्रीवर उभ्या असलेल्या बायकांच्या दिशेने येत होती. प्रेसताईने नियमाप्रमाणे बॉयलरखोलीला फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी तिने हाताला टॉवेल गुंडाळला आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. कुणाला भाजले नाही. पण त्याच नळाची वाफ शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करायला जात होती. ती तासभर थांबली. टेबलावर घ्यायला आणलेला एक रुग्ण परत न्यावा लागला आणि त्याच्या नातेवाइकांनी तक्रार केली.

चौकशी समितीने प्रेसताईकडून लेखी खुलासा मागितला. वरच्या ऑफिसला सगळे इंग्रजीतच लागायचे. कारकून लिहून द्यायला तयार होता. ती म्हणाली, “मी शिकतेय ना? माझं मी लिहिते.” तो खुलासा तिने याच खोलीत, माझ्यासमोर बसून लिहिला. एकेक शब्द माझ्याशी ताडून पाहिला. तिला म्हणायचे होते, ‘मला फोन करावा लागला, मला व्हॉल्व्ह बंद करावा लागला.’ तिने लिहिले, ‘आय मस्ट हॅव फोन्ड. आय मस्ट हॅव क्लोज्ड द व्हॉल्व्ह.’ म्हणजे, मी फोन केला असणार. मी व्हॉल्व्ह बंद केला असणार.

समितीने वाचले. ही बाई उडवाउडवी करते आहे, आपण काय केले हेही हिला धड आठवत नाही, असे त्यांचे मत झाले. तिला समोर बोलावून इतकेच विचारले, “खुलासा तुमचाच ना? सही तुमचीच?” ती हो म्हणाली. आठवड्याभरात हुकूम आला. निष्काळजीपणाबद्दल तिला इस्त्रीवरून काढून मळक्या चादरी निवडायच्या खोलीत पाठवण्यात आले होते.

त्या खोलीत रक्ताने, ओकारीने माखलेले कपडे येत. तिथून सुटून ती वर्गाला येईनाशी झाली. महिनाभराने एका दुपारी आली, ती सगळे निघून गेल्यावर. हातांना औषधाचा उग्र वास येत होता. तिने खुलाशाची प्रत बाईंपुढे ठेवली.

“बाई, यात चूक काय आहे तेवढं सांगा. मी तर तक्त्यात बघून लिहिलंय.”

बाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. दोन ओळी वाचल्या आणि थांबल्या. मग उठून माझ्याजवळ आल्या. किती वर्षांनी आल्या असतील! त्यांनी चष्मा पुसला, बोट टेकवून रांगेतून सरकवत आणले आणि ते त्या चौकोनावर येऊन थांबले. डिंकाचा मळकट डाग अजून तिथे होता.

“इथं मी चिठ्ठी लावली होती,” त्या म्हणाल्या.

“मी आले तेव्हा चिठ्ठी नव्हती, बाई.”

“मला विचारलं का नाहीस?”

“विचारायला शंका तर यायला हवी.”

बाई मटकन बाकावर बसल्या. मग प्रेसताईने विचारले, “म्हणजे मी लिहिलं काय?” बाईंनी सांगितले. ती ऐकत राहिली. रडली नाही. फक्त म्हणाली, “म्हणून साहेब माझ्याकडे तसं बघत होते.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला खिळ्यांवरून काढले. काढताना दोन कोपरे फाटले. मला काखेत मारून त्या तीन जिने चढून वर गेल्या. प्रेसताई त्यांच्या मागे होती. समितीचे प्रमुख, उपअधीक्षक, कुठल्या तरी कागदांवर सह्या करत होते. शेजारी मुख्य परिचारिका बसल्या होत्या.

“बाई, हा काही व्याकरणाचा तास नाही,” उपअधीक्षक म्हणाले.

“नाही ना. पण साहेब, तुम्ही निकाल व्याकरणावरच दिलाय.”

त्यांनी सही थांबवली. बाईंनी मला टेबलावर पसरले. मी गुंडाळला जाऊ नये म्हणून एका टोकाला फोन ठेवला आणि दुसरे प्रेसताईने धरले. मग बाईंनी तो चौकोन दाखवला आणि वर्गात समजावत तसे समजावले. “हिला म्हणायचं होतं, करावं लागलं. तुम्ही वाचलंत, केलं असणार. तुम्ही बरोबरच वाचलंत. हिला शिकवलं तसंच हिनं लिहिलं. चूक या तक्त्याची आहे, आणि तक्ता माझा आहे.”

इतकी माणसे माझ्याकडे रोखून पाहत होती, आणि मला कुठे तोंड लपवता येत नव्हते.

“समजा तुमचं खरं,” मुख्य परिचारिका म्हणाल्या. “तिनं फोन केला, तर मग तो उचलला का गेला नाही?”

हा प्रश्न महिनाभरात कुणीच विचारला नव्हता. त्यांनी फिटरला बोलावून घेतले. त्याने सांगितले, की बॉयलरखोलीतला फोन त्या दिवसाच्या आधीपासून तीन आठवडे बंदच होता आणि त्याने तशी तक्रार वहीत लिहिलेली होती. वही आणली. तक्रार होती. फाटलेले गॅस्केटही त्याने जपून ठेवले होते.

“हे तुम्ही लेखी द्याल?” उपअधीक्षकांनी बाईंना विचारले.

बाईंनी तिथेच लिहून दिले. त्यात एक वाक्य होते, ‘आय शुड हॅव चेक्ड द चार्ट.’ मी तक्ता तपासायला हवा होता. म्हणजे तपासला नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ते एकदा वाचले आणि सही केली.

प्रेसताईला इस्त्री परत मिळाली. हुकूम रद्द झाला. पण त्याच महिन्यात आणखी एक कागद आला. चुकीचे शिकवणारा वर्ग चालवणे योग्य नाही, म्हणून तो बंद करण्यात येत आहे. बाईंनी कागद वाचून घडी घातली आणि पिशवीत ठेवला. प्रेसताई म्हणाली, “माझ्यापायी तुमचा वर्ग गेला.” बाई म्हणाल्या, “तुझ्यापायी नाही गं. आणि मीही आता दमलेय. रोज तेच तेच सांगायला जीव राहिला नाही.” दोघी जिन्यापर्यंत बरोबर गेल्या. बाई पुन्हा इस्पितळात आल्या नाहीत.

खोलीत चादरींचे गठ्ठे आले. मी कपाटामागे गेलो. प्रेसताईने पुढे दोन वर्षांनी, घरच्या घरी अभ्यास करून, वरच्या हुद्द्याची ती परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाली. आता ती धुलाईघराची देखरेख करते. भिंतीवर कुठलीही नवी सूचना लावायची झाली, तर आधी स्वतः दोनदा वाचते, मग दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावते. लावल्यावरही महिन्या-दोन महिन्यांनी त्यावरून नजर फिरवते. बायका चेष्टा करतात. ती करू देते.

मित्रांनो, माझे दिवस आता भरत आले आहेत. मी तुमच्याकडे काही फार मागत नाही. तक्ते, पुस्तके, पाट्या यांना नुसते पुसून टांगून ठेवू नका. अधूनमधून आम्हाला वाचा. आमच्यावर डकवलेले काही सुटले असेल तर पुन्हा डकवा. आणि आम्ही कितीही सुबक अक्षरात लिहिलेले असलो, तरी समजले नाही, पटले नाही, तर शेजारी जिवंत माणूस बसले आहे, त्याला विचारा. त्या चौकोनापुढे प्रेसताई वही घेऊन उभी होती, तेव्हा मला ओरडून सांगायचे होते. मला सांगता आले नाही. तुम्हाला बोलता येते.