सात एकांचा आकडा

त्र्याऐंशी साली माझ्या बायकोला, इनेझला, इस्पितळातून घरी पाठवलं. आता औषधाचा उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. वसईजवळ गास गावी आमच्या घरी पुढच्या खोलीत तिची खाट लावली. मी दिवसभर केळीच्या वाडीत थांबायचो. तिचं कण्हणं मला ऐकवत नव्हतं.

एका दुपारी तिने हाक मारली. ती हायस्कुलात गणित शिकवायची, मी चौथी शिकलेला.

"पाटी घ्या. सात वेळा एक लिहा."

अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा.

"हा कशाने भागला जातो ते शोधायचं. मूळ संख्यांनीच भागायचं, ज्या स्वतः फुटत नाहीत त्यांनी. हजाराच्या थोडं पुढे जाईपर्यंत फुटला नाही, तर कधीच फुटणार नाही."

दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. प्रत्येक वेळी बाकी एक. सतराला मी बाकी पंचवीस लिहिली.

"भाजकापेक्षा बाकी मोठी? बाकावर उभे राहा," ती म्हणाली. हसताना तिला कळ आली.

मग रोज दुपारी पाटी घेऊन बसायचो. ती पुढची संख्या सांगायची, मी भागायचो. तेवढा वेळ ती कमी कण्हायची. मी कुणाला बोललो नाही, पण मनात धरलं होतं की आकडा फुटत नाही तोवर इनेझला काही होत नाही. हजार अजून खूप लांब होते.

दोनशे एकोणतीसला बाकी तीनच उरली. अजून तीन कमी असते तर आकडा फुटला असता. दोनशे तेहेतीस झाले त्या दिवशी चर्चचे फादर येऊन तिला मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले.

दुसऱ्या दिवशी ती अगदी हळू म्हणाली, "दोनशे एकोणचाळीस."

मी भागलं. पुसलं. परत भागलं.

"बाकी?"

"करतोय."

"एवढा वेळ? म्हणजे शून्य आली."

मी पाटी मांडीवर उपडी ठेवली. "तुला ठाऊक होतं?"

"आठवीच्या पोरांना हाच आकडा दरवर्षी घालायचे."

"मग एवढं भागायला का लावलंस?"

"नाहीतर तुम्ही वाडीतून आत आला असता?"

मी पाटी सरळ केली. म्हटलं, "पुढची सांग."

"फुटला की झालं. आता पुरे."

त्यानंतर ती बोलली नाही. पहाटे गेली.

तिला जाऊन महिना झाला त्या दिवशी चर्चमधल्या मिस्सेहून आलो आणि पाटी काढली. त्या दिवशी भागाकार आला होता चार हजार सहाशे एकोणपन्नास; त्याला गुणिले दोनशे एकोणचाळीस. सगळे एक परत आले, सातच्या सात. पाटी तिच्या खाटेवर ठेवून मी शेजारी बसलो. वाडीत मोटर चालू होती. पाणी केळी सोडून रस्त्यावर गेलं असेल. मी उठलो नाही.