काचेची कुपी

उत्कर्षाने नायट्रोजनची नळी बंद केली आणि काचेची कुपी खिडकीच्या उजेडात धरली. कुपीत ओतलं होतं ते नुसतं क्लोरोफॉर्म, रात्रभर प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये ठेवलेलं. नायट्रोजनच्या झोतात ते उडून गेल्यावर कुपी कोरी दिसायला हवी होती. तळाशी धुरकट पापुद्रा उरला होता.

तिने काचेवर टिचकी मारली. पापुद्रा हलला नाही. क्लोरोफॉर्मने प्लास्टिक विरघळवलं होतं, आणि तिची सगळी लिपिडं, पेशीपटलातले स्निग्ध रेणू, पहिल्या दिवसापासून अशाच ट्यूबांमध्ये, क्लोरोफॉर्ममध्येच होती.

पेशीतलं कॅल्शियम बाहेर फेकणारा प्रथिनाचा पंप त्या पटलातून सोडवला की निपचित पडतो. त्याच्याभोवती योग्य लिपिड, शुद्ध, परत आणून ठेवलं तरच तो जागा होतो. उत्कर्षाचा पंप चार वर्षांत एकदाही जागा झाला नव्हता.

शेजारच्या टेबलावरून सुनीती डोकावली. लॅबमधली सगळ्यांत सीनियर.

"अरे वा. सापडलं वाटतं."

"तुला माहीत होतं?"

"प्लास्टिकचं? क्लोरोफॉर्म काचेतच ठेवतात, ते सगळ्यांनाच माहीत असतं गं." सुनीतीने हातमोजे काढले. "मला वाटलं, मुद्दाम काही वेगळं ट्राय करतेयस. टॉपर ना तू."

"ट्यूबा तूच दिल्या होत्यास."

"तू मागितल्यास, मी दिल्या. टेन्शन नको घेऊ."

दार उघडून तिच्या गाइड, गीतांजली मॅडम आत आल्या. मागे एक नवी मुलगी होती.

"उत्कर्षा, ही जाई. पंपाचं काम आजपासून ही बघेल."

"मॅडम, का होत नव्हतं ते मला आत्ताच—"

"आता कारणं नकोत." मॅडम मायेने हसल्या. "काहींचा हातच नसतो गं या कामाला. शिकवणीचे क्लास बघ, बोलतेस छान. हिला सगळं नीट समजावून दे."

मॅडम गेल्या. जाईने डीप फ्रीझरमधून ट्यूबांचा स्टँड दोन्ही हातांनी जपून बाहेर काढला.

"ताई, मीपण करंजाड्यालाच राहते. तुमच्या पलीकडच्या सोसायटीत. तुम्ही शिकवणार म्हणून आई इतकी खूश झाली!" तिने एक ट्यूब उचलली. "लिपिड यातच ठेवायचं ना?"

सुनीती हातातलं काम थांबवून बघत होती.

उत्कर्षाने कुपी फुटक्या काचांच्या डब्यात टाकली.

"हो," ती म्हणाली. "यातच."

सुनीतीने ड्रॉवर उघडला आणि ट्यूबांचं नवं पाकीट जाईपुढे ठेवलं.