मैदानाखालचा भुसा

या मित्रांनो, बसा जरा. या वस्तीची गोष्ट सांगते. खालच्या फलकावर लिहिलीय ती नव्हे, खरी.

मी एक जुनी करवत आहे. गोल, दाराच्या रुंदीएवढी. हसू नका, हा पोपटी डोंगर आणि ही बदकं मी मागितली नव्हती. वस्तीच्या कार्यालयात टांगायचं म्हणून कुणीतरी हौसेनं माझ्यावर रंगवली. ज्या दातांनी अख्ख्या वस्तीचं लाकूड कापलं, त्यांच्यावर आता बदकांच्या शेपट्या आल्यात!

मी आले तेव्हा इथं नदी, झाडं आणि चिखल, एवढंच होतं. मालक, वाफेचं इंजिन आणि मी एकाच तराफ्यावरून उतरलो. मागोमाग तीन कुटुंबं आली. माझ्या पहिल्या फळ्या कुणाच्या घराला लागल्या असतील? कुणाच्याच नाही. लाकूड कापायच्या गिरणीच्या छपराला लागल्या. दोन महिने माणसं ताडपत्रीखाली भिजली आणि इंजिन कोरडं राहिलं. माझं डोकं फिरलं ते तेव्हापासून.

काम मात्र जोरात चालायचं. वरच्या रानातून सोडलेले ओंडके नदीतून वाहत यायचे, माणसं ते आकड्यांनी ओढून माझ्यापुढं ढकलायची. धारवाला जेवणाच्या सुट्टीत कानस घेऊन बसायचा आणि माझा एकेक दात घासायचा. माझ्याशी गप्पाही मारायचा. त्याची बायको वैतागून म्हणायची, आजचा स्वयंपाकही तिलाच सांगा. घरं, पूल, पाळणे, दुकानांची कपाटं, सगळं माझ्या दातांखालून गेलं. लांबून माणसं मला बघायला यायची.

पण फळी निघाली की भुसाही निघतो. कापायचं मी आणि उचलायचं धारवाल्याच्या बायकोनं. गिरणीमागं, नदीच्या वळणाला, मोठी दलदल होती. मालक म्हणाले, ओता तिथं. ती ढकलगाडी भरायची, ओतायची, परत यायची. भुसा, साली, ढलप्या. अकरा वर्षं हेच. शेवटी वरून दोन हात माती पसरली, गवत उगवलं, आणि दलदलीचं मैदान झालं.

मग झाडं संपली. इंजिन भंगारात गेलं, मी गवतात गंजत पडले. माझ्यावरून शेळ्या उड्या मारायच्या. पुष्कळ वर्षांनी कुणाला तरी आठवण झाली, तेव्हा या भिंतीवर आले. माझ्याखाली फलक लावला. त्यात लिहिलंय, 'मालकांनी दलदलीत भर घालून वस्तीला मैदान दिले.' कशाची भर, ते लिहिलेलंच नाही! खोटं काही नाही त्यात, पण वाचलं की माझे दात शिवशिवतात.

गेल्या आठवड्यात माझ्यासमोर बैठक झाली. शाळेची नवी इमारत बांधायची, दोन मजली, विटांची. कुठं? त्याच मैदानावर. कंत्राटदार म्हणजे मालकांचाच नातू. धारवाल्याची बायको आता म्हातारी झालीय, सगळ्यांची आजी. धारवाला कधीच गेला. ती काठी टेकत आली आणि सरळ उभी राहिली.

"तिथं जमीन नाही रे पोरांनो. भुसा आहे. मी ओतलाय."

कंत्राटदार म्हणाला, "आजी, चाळीस वर्षं पोरं खेळतायत तिथं. कुणी खाली गेलं का?"

"पोरं हलकी असतात. भिंत हलकी नसते."

सगळे हसले. गवंडी म्हणाला, मी खणून पाहिलंय, दोन हात छान माती लागली. मी मनात म्हटलं, अरे शहाण्या, तेवढीच तर टाकली होती! आजी पुन्हा पुन्हा सांगत होती, एकदा पहार खोल घालून बघा, तो भुसा आत कुजलाय, शाळा पोरांसकट खचेल. कंत्राटदारानं फलकाकडं बोट दाखवलं.

"इथं लिहिलंय, भर घातली म्हणून. लिहिलेलं खरं की तुझं?"

आजीला वाचता येत नाही. ती फलकाकडं नाही, माझ्याकडं बघत राहिली. तिच्या बाजूनं बोलेल असं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि मी खिळ्याला लटकलेली. ओंडक्यात लोखंडी खिळा लागून माझा दात तुटला होता, तेव्हासुद्धा एवढी कासावीस झाले नव्हते. थोड्या वेळानं कुणीतरी तिला चहा दिला आणि पुढचा विषय घेतला.

मोठ्या माणसांना माझं ऐकू जात नाही मित्रांनो, तुम्हाला जातंय. सोमवारी पाया खणायला घेणार आहेत. मला पुसू नका, तेलही लावू नका, माझं काही अडलेलं नाही. एवढंच करा. त्याआधी आजीला हाताला धरून मैदानावर न्या. ती काठी टेकवेल तिथं गवंड्याला पहार मारायला लावा. दोन हातांवर थांबला, तर त्याला म्हणा, काका, अजून खाली.