खळीखालची अक्षरं

कांद्याचं नुसतं चित्र बघून कुणाचा धरम बुडतो, सांगा बघू? आमच्या गावच्या पंचांच्या मते बुडतो. आणि पंचांत पहिला मान माझ्या सासऱ्यांचा, जिनाप्पांचा. घरात सगळी त्यांना आप्पाच म्हणतो.

निपाणीच्या अलीकडं आमचं गाव. बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, आवारात पंचांनी पोरांची शाळा काढली. चांगलं केलं, त्याला मी न्हाय म्हणत न्हाय. ज्योतिबा मास्तरांनी निपाणीहून पहिलीची पुस्तकं आणली. ठसठशीत अक्षरं, पानाला एक चित्र, खाली सोप्या ओळी. मला तर बघताक्षणी आवडलं. मला दुसरीतनंच घरी बसवलेलं, तरी मी घडाघडा वाचलं.

पण पंच चष्मा लावून बसले. क कांद्याचा निघाला. जमिनीखालचं, आम्ही खात न्हाय. ग गाजराचा, तेबी तसलंच. ल लसणीचा, र रताळ्याचा, ब बटाट्याचा. म माशाचा दिसला तेव्हा तर एकानं डोळेच मिटले. मास्तर म्हणाले, दुसरी पुस्तकं बघतो, पण दुकानदार आता ही परत घेणार न्हाय. मग आप्पांनी तोड काढली. गव्हाची खळ शिजवा आणि असली पानं कोऱ्या कागदानं झाकून टाका. अक्षर, चित्र, ओळी, सगळं.

मग राहिलं काय? ऐरण, षटकोन आणि शहामृग. शहामृग आमच्या गावात कुणाच्या बापानं बघितलाय? क, म, र, ल झाकून पोरांनी वाचायचं काय, कपाळ? माझ्या लेकीला, कांताला, स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर पुस्तकात सापडंना. आणि हे सोवळं कोण पाळतंय, तर ज्यांच्या वखारीत तंबाखूची पोती आढ्याला टेकल्यात. लई संताप आला. चुलीपुढं भांडी आपटली, दुसरं करणार काय?

वर आप्पांची अट हुती. दिवाळीपर्यंत कांताला वाचता आलं तर शाळा, न्हायतर आईसारखं तिलाबी घरी बसवायची.

दिवाळीला बस्तीतनं येऊन आप्पा सोप्यात बसले. कांताला पुढं उभी केली आणि शहामृगाचं पान काढून दिलं. पोरगी अडखळली. पुन्हा बघितलं, पुन्हा अडखळली. आप्पांनी पुस्तक मिटायला हात पुढं केला आणि माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

तेवढ्यात कांतानं आपणच पानं उलटली आणि कोऱ्या कागदाचा कोपरा नखानं उचलला. पावसाळ्यात ओल धरून खळ कवाच सुटली हुती. एक पान झालं की दुसरं, अशी ती खणखणीत वाचत गेली. काका, कांदा आण. मामा, मासा बघ. रमा, रताळं गरम कर. एक अक्षर चुकली न्हाय.

आप्पांचा चेहरा लालबुंद झाला. हे तुला शिकवलं कुणी, असं त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाय," कांता म्हणाली. "झाकलं हुतं, म्हणून बघितलं."

माझ्याकडनं राहवलं न्हाय. "आप्पा, वाचता आलं तर शाळा, असं तुम्ही बोलला हुता. काय वाचायचं ते बोलला न्हवता."

शब्द मोडणारा माणूस न्हवे तो, एवढं मी म्हणेन. जाऊ दे शाळंला, म्हणाले. पण हेका सोडतील तर शप्पत! लगेच मास्तरांना सगळी पुस्तकं घेऊन बोलावलं. कागद परत चिकटवा आणि आता सुटता कामा न्हाईत. मास्तर बिचारे भरमू सुताराकडनं सरसाचा डबा घेऊन आले. आप्पांचा मास्तरांवर भरवसा न्हवता. स्वतःच डब्यात बोटं बुडवून पानाला सरस फासायला लागले.

आता मात्र माझं डोकंच फिरलं. पदर खोचून पुढ्यात उभी राहिले.

"आप्पा, सरस जनावराची कातडी-हाडं उकळून करत्यात. चित्रातला मासा झाकायला खरं जनावर लावताय व्हय?"

आप्पांचा हात तसाच राहिला. त्यांनी मास्तरांकडं बघितलं, मास्तरांनी मान खाली घातली. मग आप्पा उठले आणि आंघोळीला विहिरीवर गेले.

डबा मी मास्तरांच्या हातात दिला. पुस्तकांचा गठ्ठा कांतापुढं ठेवला आणि सांगितलं, "आप्पांची आंघोळ हुईस्तवर सगळे कागद काढून टाक."