दाराजवळचा आखूड बाक

कापडवाल्या दादांची नम्रता साऱ्या मंडळीत प्रसिद्ध होती, आणि ती प्रसिद्ध राहील याची दादा काळजी घेत. कित्येक वर्षं ते चर्चमध्ये अगदी पुढच्या बाकावर बसले. मग एका रविवारी पाळकसाहेबांनी ‘मोठ्या माणसानं मागची जागा धरावी’ असा उपदेश केला. तो संपायच्या आत दादा उठले आणि सगळ्यांच्या देखत पार दाराजवळच्या आखूड बाकावर जाऊन बसले. नशिबानं तो रिकामाच होता. पाळकसाहेबांना गहिवरून आलं. दादांनाही आलं.

त्याच सुमारास बेकरीवाला चर्चला यायचा बंद झाला. रात्रभर भट्टीपुढे उभा राहणारा, अबोल माणूस. दादांचा जीव तुटला. दर रविवारी मागच्या बाकावरून ते खणखणीत आवाजात प्रार्थना करत, “प्रभो, आमचं हरवलेलं मेंढरू परत आण.” कोणतं मेंढरू, अशी शंका कुणाला राहू नये म्हणून बेकरीचाही उल्लेख करत.

“देवाला कशाला त्रास देताय?” बायको एकदा म्हणाली. “बेकरी दोन गल्ल्या सोडून तर आहे. जाऊन विचारा की त्याला.”

दादा गेले. बेकरीवाला कोपरापर्यंत मैद्यात होता. त्यानं घाईघाईनं स्टूल पुसून दिलं.

“वाट चुकलास बाबा,” दादा मायेनं म्हणाले. “काय पाप असेल ते मोकळेपणानं सांग. मी काही मोठा लागून गेलो नाही.”

बेकरीवाला ओशाळला. “पाप कसलं, दादा. राग मानू नका, पण बसायला जागा नाही हो.”

“जागा? अर्धं चर्च रिकामं असतं!”

“दाराजवळ नाही ना. पावाची शेवटची खेप काढून मी येतो, तो उशिराच. अंगावर पीठ, डोळ्यांवर झोप. दोन गाणी झाली की डोळा लागतो. त्या बाकावर घोरलो तरी कुणाला त्रास नव्हता. एकदा पुढे बसलो, तर पोरंटोरं फिदीफिदी हसली, पाळकसाहेब बोलायचे थांबले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.” मग तो गडबडीनं म्हणाला, “पण तुम्ही बसा हो, दादा. तुमची प्रार्थना फार छान असते म्हणतात.”

दादांना शरमेनं वर बघवेना. ज्याच्यासाठी इतके महिने गळा काढला, त्याचीच जागा आपण अडवली होती.

“रविवारी ये,” एवढंच ते म्हणाले.

रविवारी दादा पुन्हा पुढच्या बाकावर दिसले आणि कुजबुज सुरू झाली. “टिकली नाही हो नम्रता!” “जित्याची खोड!” पाळकसाहेबांनी ऐनवेळी विषय बदलून गर्वावर उपदेश केला, तोही दादांकडे बघून. दादांचे कान तापले. उपदेशानंतर ज्याला आपला अनुभव सांगून साक्ष द्यायची असेल त्यानं उभं राहायचं, अशी तिथली रीत होती. दादा ताडकन उठले. खरं काय ते दोन वाक्यांत सांगितलं की सगळ्यांची तोंडं बंद.

तोंड उघडणार तोच मागून, दाराजवळून, घोरणं ऐकू आलं. लांबलचक, निवांत.

सांगितलं, तर सगळी डोकी मागे वळणार. आणि घोरणं तर चढतच चाललं होतं. पोरं कान टवकारू लागली होती.

दादांनी डोळे मिटले आणि मोठ्यानं गायला सुरुवात केली. देवानं आपल्याला गळा दिलेला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“आता गाण्याचाही गर्व!” कुणीतरी म्हणालं.

बायकोनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि तीही गाऊ लागली. दादांनी दुसरं कडवं आणखी वरच्या पट्टीत धरलं.