खुणेचा शब्द

सुट्ट्यांची यादी बघायला म्हणून सारिकाने बालवाडीची वेबसाइट उघडली, तर तिच्याच लेकीचा फोटो समोर आला. शेफाली, वय चार, गाव शिवरे, सुटण्याची वेळ साडेबारा, न्यायला येणार आजी. खाली ठळक लाल अक्षरांत, खुणेचा शब्द: गुळपोळी.

हा शब्द म्हणजे कापूरहोळच्या त्या बालवाडीची मिजास. मूल न्यायला येईल त्याने फाटकाशी शब्द सांगायचा, बरोबर निघाला तरच मूल हातात. प्रवेशाच्या दिवशी संचालक आनंदरावांनी खोलीचं दार लोटून, आवाज खाली आणून तो विचारला होता. आणि आता साठ पोरांचे साठ शब्द, फोटोंसकट, जगासमोर वाळत घातलेले.

घड्याळात अकरा. शेफाली तिथेच होती. सारिकाने तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि स्कूटीला किक मारली.

आनंदराव चहा पीत होते.

"सर, मुलांचे शब्द वेबसाइटवर कोणी टाकले?"

"आम्हीच!" त्यांनी कौतुकाची वाट बघावी तसं बघितलं. "म्हातारी माणसं शब्द विसरतात, ताई. फाटकावर तमाशा होतो. तुमच्या सासूबाईच, धोंडाबाई, परवा पुरणपोळी-पुरणपोळी करत बसल्या होत्या. म्हणून सोमनाथला सांगितलं, टाक सगळं. मोबाईल उघडला की शब्द हजर."

सोमनाथ म्हणजे चौकातला मोबाईल दुरुस्तीवाला. फुटक्या काचा बदलता बदलता तो वेबसाइटीही बनवायला लागला होता, आणि दोन्ही कामांत त्याचा हात सारखाच साफ होता.

"पण ते कोणालाही दिसतंय."

"कोण बघतंय वो आपल्या कापूरहोळातलं?"

खिडकीबाहेर हायवेवरून मुंबई, कोल्हापूर, बेळगाव धडधडत चाललं होतं. ढाब्यांवर दहा जिल्ह्यांच्या गाड्या थांबलेल्या. सारिकाने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. या माणसाने हायवेला दुकान टाकलं होतं ते माणसं येतात म्हणून, आणि माणसं येतात हे तो विसरला होता.

"तुम्ही शिकलेल्या बायका लई घाबरता," आनंदराव हसले. "बरं, कुलूप लावतो. मग तर झालं?" त्यांनी सोमनाथला फोन लावला. पाच मिनिटांत यादीला पासवर्ड लागला. आणखी पाच मिनिटांत शिपायाने तो फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहिला: शाळा१२३, पालकांनी नोंद घ्यावी.

सारिका त्या फळ्यापुढे उभी राहिली. चिडण्याच्याही पलीकडे काहीतरी असतं, ते तिला तिथे सापडलं. असल्या माणसाशी भांडायचं म्हणजे आपलीच अक्कल खर्च करायची. तिने फळ्यावरचा पासवर्ड मोबाईलमध्ये टाकला आणि यादी खाली सरकवत सरकवत एका नावाशी थांबली. स्वरूप, वय पाच. आनंदरावांचा नातू. खुणेचा शब्द: बुलेट.

साडेबाराला फाटकाशी गर्दी झाली. दारावर मुलं सोडायला सेविका रत्नाबाई, हातात मोबाईल.

"स्वरूपला न्यायचंय," सारिका स्कार्फमधूनच म्हणाली.

"शब्द?"

"बुलेट."

रत्नाबाईंनी मोबाईलमध्ये बघितलं, बोटाने ओळ पक्की केली. "बरोबर हाय. स्वरूप, ये रं!" येणाऱ्या बाईचं तोंड त्यांनी बघितलंच नाही. शब्द जुळला होता ना!

"आजोबांकडे जायचं ना?" सारिकाने विचारलं.

"व्हय," म्हणत त्याने तिचं बोट धरलं. पोराच्या हाताला चिकट खाऊ लागला होता. हाच हात आत्ता कोणाच्याही हातात असू शकला असता.

हायवे उजवीकडे, पन्नास पावलांवर. ती डावीकडे वळली, मागच्या दाराने ऑफिसात शिरली आणि स्वरूपला टेबलापुढे उभं केलं.

"ह्याला कोणी दिलं तुमच्याकडं?" आनंदरावांचा कप बशीत आपटला.

"तुमच्या वेबसाइटने."

त्यांनी नातवाला जवळ ओढलं. मग दाराकडे तोंड करून गरजले, "रत्ना! डोळे फुटले का गं?"

"त्यांना नका बोलू. शब्द बरोबर होता."

त्यांनी फोन लावला. "सोमनाथ, यादी काढ. आधी स्वरूपचं नाव काढ!"

आधी स्वरूपचं. सारिकाने खुर्ची ओढली. "साठच्या साठ निघेपर्यंत मी हितंच बसते. आणि शब्द सगळे नवे करा, तेही कागदावर, तुमच्या कपाटात. कोणी आधीच उतरवून घेतले असतील, तर ते कुठं पुसायला जाणार तुम्ही?"

आनंदरावांनी फोनवर सगळीच नावं काढायला सांगितली. मघाचं हसू बशीत सांडलेल्या चहासारखं गार पडलं होतं. तिने मोबाईलवर यादीचं पान सतरा वेळा पुन्हा उघडलं. अठराव्यांदा ते कोरं आलं.

ती फाटकाशी आली. धोंडाबाईंना तिने मघाच फोन करून घरी थांबवलं होतं. शेफाली कट्ट्यावर एकटी पाय हलवत बसली होती.

"शब्द?" रत्नाबाईंनी मोबाईल वर धरला आणि गोंधळल्या. "अगं बया, यादीच गेली की! आता पोरगी कशी सोडू?"

सारिकाने स्कार्फ सोडला.

"मोबाईल खाली ठेवा, बाई. माझ्या तोंडाकडं बघा. मग तिच्या."

रत्नाबाईंनी आधी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. तेवढ्यात शेफाली कट्ट्यावरून उडी मारून "आई!" करत धावत आली.